सातव्या आठवड्याचं दुखणं

पडदे शिवणाऱ्या बाईला लोकांच्या घरात थेट झोपायच्या खोलीपर्यंत जाता येतं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. ती स्टुलावर चढते, खिडकीची रुंदी घेते, दांड्यापासून जमिनीपर्यंतची उंची घेते, आणि तेवढ्यात तिला नको असलं तरी दिसतं, की पलंगावरच्या दोन उशा एकमेकींना चिकटून आहेत की दोन टोकांना. ही बाई चौदा वर्षं हे काम करत होती. गिऱ्हाइकं तिला पडदेवाल्या ताई म्हणत. तिच्या स्वतःच्या पलंगावर मात्र वर्षातले बरेच दिवस एकच उशी असे, कारण नवरा पुलांच्या कामावर वेल्डर होता आणि आजवर एकही पूल त्यांच्या घराजवळ बांधला गेला नव्हता.

दर सातव्या आठवड्याला तो आठ दिवस घरी येई. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत सासूबाई, बाहेरच्या खोलीत ही दोघं. सासूबाईंना ऐकू कमी यायचं. निदान त्या तसं म्हणायच्या. त्यांच्यासमोर ती नवऱ्याला 'अहो' म्हणे, दोघंच असले की 'तू'. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी त्या 'तू'मधली चोरटी गंमत गेली नव्हती.

त्या आठ दिवसांत तिला मशीनचं तोंडसुद्धा बघायचं नसे. म्हणून दुकानाच्या मालकीणबाईंशी तिचा एक अलिखित करार होता: आठ दिवसांचं काम आधीच उरकून ठेवायचं. तो यायच्या आधीच्या चार-पाच दिवसांत ती सकाळी सातला मशीनवर बसे ती दिवेलागण होऊन गेली तरी उठत नसे. अस्तर लावलेले जाड पडदे, एकेक इतका जड की मांडीवर ओढून घेताना वासरू ओढतोय असं वाटावं. कंबरेचे पार तुकडे पडायचे. घरी आल्यावर सासूबाईंच्या गुडघ्याच्या गोळ्यांमधली एखादी घेतली की दुसऱ्या दिवशी पुन्हा बसता येई. एवढं सगळं सोसायचं ते त्या आठ दिवसांसाठी. आणि त्या आठ दिवसांतच ते यायचं.

पहिल्यांदा आलं ते तीन वर्षांपूर्वी. नवरा घरी येऊन दुसरा दिवस. आंघोळ करताना तिला खाली, लघवीच्या जागेच्या उजव्या बाजूला, आगआग जाणवली. हातआरसा घेऊन पाहिलं तर रुपयाएवढा लालसर-जांभळा चट्टा. संध्याकाळपर्यंत त्यावर फोड आला, तो फुटला, आणि मागे ओली जखम राहिली. लघवीला बसणं म्हणजे शिक्षा झाली. नवऱ्याला तिने सांगितलं, "कपडा घासला असेल." त्यानेही मान हलवली. पंधरा दिवसांनी जखम भरली, तोवर तो कधीच पुलावर परत गेला होता.

पुढच्या वेळी तो आला आणि तेही आलं. त्याच्या पुढच्या वेळीही.

गल्लीतल्या डॉक्टरांकडे ती गेली तेव्हा नेमकं कुठे काय होतंय ते सांगायला तिला जीभ रेटेना. "खाली," ती म्हणाली. डॉक्टरांनी पायाकडे पाहिलं. "नाही, तेवढं खाली नाही," ती म्हणाली. मग त्यांना कळलं. तपासायला त्यांनी टॉर्च घेतला खरा, पण बघितलं ते ओझरतंच, ओळखीच्या घरातली बाई म्हणून.

"मिस्टर कुठे असतात?"

"पुलाच्या कामावर. लांब."

"हं," डॉक्टर म्हणाले, आणि चिठ्ठी लिहायला लागले.

त्या एका 'हं'ने तिच्या संसारात पाऊल टाकलं ते पुढे तीन वर्षं निघायचं नाव घेईना. हर्पिस असेल, ते म्हणाले. बाहेरून येतो, एकदा आला की अंगात राहतो, पुन्हा पुन्हा उठतो. गोळ्या दिल्या. रक्त तपासलं. त्यात काही निघालं नाही. भरत आलेल्या जखमेवर कापसाची काडी फिरवून ती मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. त्यातही नाही. "कधीकधी तपासणीत सापडत नाही," ते म्हणाले, आणि गोळ्या चालूच ठेवल्या. जखम आपल्या चालीने पंधरा दिवसांत भरायची आणि श्रेय गोळ्यांना जायचं.

मग ती बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या भल्या होत्या. त्यांनी असल्या रोगांच्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या तपासण्या केल्या, नवऱ्यालाही बोलावून दोनदा त्याचं रक्त घेतलं. सगळे कागद कोरे. साबण बदलून झाला, आतले कपडे बदलून झाले, तिखट सोडून झालं. मध्ये दोन खेपा ते आलंच नाही, एकदा दुकानाला रंग लावायचा होता तेव्हा आणि एकदा मशीन दुरुस्तीला गेलं होतं तेव्हा, आणि तिला वाटलं सुटलो. तिसऱ्या खेपेला पुन्हा हजर. डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या, "ताण असेल." नवरा येणार याचा कसला ताण, असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण ती उठून आली.

दुखण्याचं दुःख एक असतं. तिला त्याहून जास्त खात होतं ते वेगळंच. सात आठवडे ज्या माणसाची वाट पाहायची तो समोर, हाताच्या अंतरावर, आणि त्याने नुसता खांद्यावर हात ठेवला तरी अंग चोरून घ्यायचं. त्याच्या शर्टाला लोखंडाचा आणि धुराचा वास यायचा, कितीही धुतला तरी. तो परत गेल्यावर ती तो शर्ट दोन-दोन दिवस भिजत घालायची नाही. कोणी विचारलं तर, साबण संपलाय.

एकदा दोघं गच्चीवर कपडे वाळत घालत होती. ऊन चांगलं होतं. चादरीची दोन टोकं त्याच्या हातात, दोन हिच्या. तिने चादरीकडे बघतच विचारलं, "तिकडे तसं काही नाही ना?"

"कसं?"

"तसं. कोणी."

त्याने चादर दोरीवर टाकली. "दोनदा रक्त दिलं. आता काय कापून देऊ?"

"मी नुसतं विचारलं."

"मग मीही नुसतं विचारतो," तो म्हणाला. "सात आठवडे मी इथे नसतो. तू असतेस."

आवाज दोघांनीही चढवला नाही. शेजारच्या बाई पापड गोळा करायला वर आल्या आणि विषय तिथेच राहिला. त्यानंतर ती त्याला एकांतातही 'अहो' म्हणायला लागली. ठरवून नाही. 'तू' म्हणायला जायची आणि तोंडातून 'अहो' निघायचं. त्याला ते कळलं असणार, कारण तोही मग 'अगं' म्हणायचा थांबला. विशेष काही हवं असलं तर नुसता घसा खाकरायचा. सात आठवड्यांचे नऊ झाले, नवाचे बारा. "काम आहे," तो फोनवर सांगायचा. "बरं," ती म्हणायची. फोन ठेवल्यावर फोनकडेच बघत बसायची.

लोकांच्या खोल्यांत स्टुलावर उभी असताना तिला आता उशांकडे बघवत नसे. एका नव्या जोडप्याच्या खिडकीचं माप तिने सपशेल चुकीचं घेतलं, पडदा वीतभर आखूड झाला. मालकीणबाई म्हणाल्या, "ताई, चौदा वर्षांत पहिल्यांदा. बरं आहे ना घरी?" ती म्हणाली, "बरं आहे." तो पडदा उसवून तिने घरी बसून पुन्हा शिवला.

मग एका खेपेला असं झालं. बारा आठवड्यांनी तो येणार होता. शुक्रवारी. राग, संशय काय असेल ते असेल, तिने नेहमीसारखं सगळं काम उरकत आणलं. कंबर धरून धरून एका हॉटेलचे बावीस पडदे संपवले. गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला. एक तुळई बसताना अडकली होती, कोणालाच सुट्टी नव्हती. "पुढच्या महिन्यात बघू," तो म्हणाला. ती "बरं" म्हणाली. मालकीणबाईंना तिने काहीच सांगितलं नाही; ठरलेली सुट्टी घेतली आणि घरी बसून राहिली.

शनिवारी सकाळी न्हाणीघरात तिला ती ओळखीची आग जाणवली. आरसा घेऊन पाहिलं. तोच चट्टा, त्याच जागी, तेवढाच.

ती स्टुलावर बसली आणि तिला चक्क हसू आलं. नवरा पुलावर, मध्ये पाच तासांच्या बसचं अंतर, तीन महिन्यांत त्याने हिच्या अंगाला बोटही लावलेलं नाही. म्हणजे त्याच्याकडून नाही. छातीवरचा दगड उतरला. आता फोन करायचा आणि सांगायचं, की मी चुकले, तुझा काही दोष नाही.

टॉवेल गुंडाळून ती फोनपर्यंत गेली आणि तिथेच थबकली. तो निर्दोष ठरत होता, पण कसा? तो नसताना हिला झालं म्हणून. आणि तो नसताना झालं, तर मग कोणाकडून, असं त्याने विचारलं तर? हातातला पुरावा त्याला सोडवत होता आणि हिला अडकवत होता. तिने फोन खाली ठेवला. सासूबाई आतून म्हणाल्या, "कोणाचा गं?" "कोणाचा नाही," ती म्हणाली.

तीन वर्षं ती जखम भरल्यावर किंवा भरत आल्यावर दवाखान्यात जात आली होती, कारण नवरा घरी असताना आठ दिवसांतला एक दवाखान्यात घालवायला जीव होत नसे. या वेळी घालवायला दिवस होतेच. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक कातडीचे डॉक्टर होते, निवृत्तीला आलेले. त्यांच्याकडे तिला कोणी ओळखत नव्हतं.

ते बोलले कमी. नर्सला आत बोलावलं, दिवा जवळ घेतला, भिंग घेतलं, आणि इतका वेळ बघत राहिले की ती छतावरच्या पंख्याची पाती मोजून थकली.

"दर वेळी इथेच येतं? की जागा बदलते?"

हा प्रश्न तीन वर्षांत तिला कोणी विचारला नव्हता. "इथेच. तीच जागा."

"भरल्यावर काळा डाग राहतो?"

"राहतो. आता तर जातच नाही."

"औषधं काय चालू आहेत?"

"काही नाही."

"डोकं दुखलं, पाय दुखले, ताप आला, तर काय घेता?"

"मी नाही काही घेत." मग तिला आठवलं. "कंबर दुखली तर आईंची गोळी घेते. पण ती आईंची आहे."

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं. "गोळीला काय माहीत ती कोणाची आहे?" ते म्हणाले, अगदी साधेपणाने. "कपडे नीट करून बाहेर या. सावकाश सांगा. कधी घेता, किती, या खेपेला कधी घेतली."

तिने बोटांवर मोजून सांगितलं. बुधवारी एक, गुरुवारी एक, शुक्रवारी सकाळी एक. त्याआधीच्या खेपा आठवल्या. नवरा यायच्या आधीचे चार-पाच दिवस. दुकानाला रंग लावला तेव्हा काम नव्हतं, म्हणून गोळी नव्हती. मशीन दुरुस्तीला गेलं तेव्हाही. सासूबाईंना ती गोळी सुरू झाली कधी? तीन वर्षांपूर्वी, गुडघा धरला तेव्हा. बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला.

"आणि फोड आल्यावर दुखतं, म्हणून परत तीच घेते मी," ती म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "काही माणसांच्या कातडीच्या एखाद्या तुकड्याला एखादं औषध चालत नाही. पोटात गेलं की नेमका तेवढाच तुकडा पेटतो. कोणाच्या हातावर येतं, कोणाच्या ओठावर. तुमच्या नशिबाने नको त्या जागी आलं. मला हे तेच दिसतंय. पण मी आज छातीठोकपणे सांगणार नाही. ही गोळी पूर्ण बंद. तिच्या जातीच्या बाकीच्याही, मी यादी देतो. खात्री करायला म्हणून घरी घेऊन बघायची नाही. मिस्टरांच्या दोन सुट्ट्या जाऊ द्या, मग बोलू."

"म्हणजे हे कोणाकडून आलेलं नाही?"

"कोणाकडूनही नाही, बाई."

जिन्यात ती तिसऱ्या पायरीवर बसली. वर जाणारी माणसं तिला वळसा घालून जात होती. नर्सने खाली येऊन पाण्याचा ग्लास दिला.

घरी आल्यावर तिने सासूबाईंना गोळ्यांचं सांगितलं, म्हणजे आपण त्यांच्या डब्यातल्या घेत होतो ते. "तीन वर्षं मला वाटतंय," त्या म्हणाल्या, "मीच विसरून दोन-दोन घेते. म्हणून मी एक दिवसाआड करून टाकली होती." मग गुडघा चोळत म्हणाल्या, "फोनवर नको सांगू त्याला. त्याला फोनवर काही कळत नाही. जा तू." काय सांगायचं ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना ऐकू कमी येतं, यावर तिचा तेव्हापासून विश्वास राहिला नाही.

पुढच्या रविवारी पहाटेची बस पकडून ती पुलावर गेली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, "कोणाकडे?"

"वेल्डरकडे."

"अकरा वेल्डर आहेत इथे."

"उंच आहेत. डाव्या भुवईवर भाजल्याचा डाग."

"गवई होय?" रखवालदार म्हणाला. "तुम्ही गवयाच्या मिसेस?"

तिला वाटलं माणूस चुकला. तिचा नवरा गातो हे तिला माहीतच नव्हतं. मुखवटा खाली ओढून वेल्डिंग करताना दिवसभर गातो, रखवालदाराने सांगितलं. चेहरा दिसत नाही म्हणून लाजत नसेल. इतकी वर्षं हे गाणं इथे सांडत होतं आणि तिच्या वाट्याला एक ओळ आली नव्हती.

तो धावतच आला, हातमोजे तसेच. "आईला काय झालं?"

"आई बऱ्या आहेत. तुझ्याशी बोलायचंय."

'तू' दोघांनीही ऐकला. रचून ठेवलेल्या मोठ्या पाइपांच्या सावलीत ती बसली. तिने सगळं क्रमाने सांगितलं, काही न गाळता. तो आला नाही त्या शनिवारचंही. ते सांगताना तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"म्हणजे मी नव्हतो तेव्हाही," तो म्हणाला.

"हो."

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"काय समजला असतास?"

त्याने हातमोजा काढला, दुसरा काढला, दोन्ही गुडघ्यावर ठेवले. "तेच समजलो असतो," तो म्हणाला.

तिला त्याचा राग आला आणि तो खोटं बोलला नाही याचं बरंही वाटलं. मग त्याने पाकिटातून चार घड्या घातलेला कागद काढला. घड्यांवर फाटत आला होता. तिसऱ्यांदा रक्त तपासून घेतलं होतं त्याने, इथल्या दवाखान्यात, कोणी न सांगता. तारीख दीड वर्षापूर्वीची.

"दाखवला का नाहीस?"

"पहिले दोन कुठे पुरले?"

परतीची बस चारला होती. त्याने अर्धा दिवस मागून घेतला, पण जायचं कुठे हा प्रश्न होता. त्याच्या पत्र्याच्या खोलीत चार खाटा, आणि एकीवर दुसऱ्या पाळीचा माणूस तोंडावर पांघरूण घेऊन घोरत होता. खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलं होतं. ती दारातूनच परतली. मग तो तिला पुलावर घेऊन गेला, जिथवर पूल झाला होता तिथवर. वाकून एक जोड दाखवला. "हा माझा." तिने त्यावरून बोट फिरवलं, पदराची किनार तपासावी तसं. "टाका सरळ आहे," ती म्हणाली. आजूबाजूला दहा वेल्डर मुद्दाम पाठ करून काम करत होते. दोघांनी तिच्या पिशवीचा एकेक बंद धरला आणि तसेच बसथांब्यापर्यंत चालत गेले.

"गाऊन दाखव," ती म्हणाली.

"मुखवटा आणला नाही," तो म्हणाला.

तीन आठवड्यांनी तो घरी आला. या वेळी तिने मालकीणबाईंना आधीच सांगितलं होतं, "पडदे मी परत आल्यावर मिळतील, त्याआधी नाही." मालकीणबाई दोन दिवस फुगून बसल्या, तिसऱ्या दिवशी त्यांनी गिऱ्हाइकांना तसंच कळवलं. कंबर दुखली, नाही असं नाही. गरम पाण्याच्या पिशवीवर भागलं. सासूबाईंनी बहिणीची तब्येत बरी नाही म्हणून आठ दिवस तिकडे मुक्काम हलवला. बहीण ठणठणीत होती. तीच त्यांना न्यायला जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या चढत आली.

पहिला दिवस पाहुण्यासारखा गेला. चहाचा कप कोणी उचलायचा, यावरून दोघं एकाच वेळी उठायची आणि पुन्हा बसायची. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात तिने सवयीने आरसा घेतला. जुना डाग होता, बाकी काही नाही. संध्याकाळी पुन्हा पाहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती ओट्याशी उभी असताना त्याने मागून येऊन खांद्यावर हात ठेवला, आणि तीन वर्षांच्या सवयीने तिचं अंग आक्रसलं. त्याने हात काढला. ती वळली, त्याचा तो हात धरला आणि परत होता तिथे ठेवला. थोडा वेळ तशीच उभी राहिली, अंग आपोआप सैल होईपर्यंत. गॅसवरचं दूध उतू गेलं. ते कोणी पुसलं नाही.

त्या खेपेला काही आलं नाही, आणि पुढच्या खेपेलाही. कातडीच्या डॉक्टरांनी तेव्हा मान डोलावली आणि एका कार्डावर त्या गोळ्यांची नावं लिहून दिली: कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी आधी हे दाखवायचं. डाग फिकट होईल, कदाचित पूर्ण जाणार नाही, ते म्हणाले. तिचं त्याला काही म्हणणं नव्हतं.

झालेली तीन वर्षं मात्र कोणी परत दिली नाहीत. कधी कधी, भांडी घासताना वगैरे, तिला त्यातला एखादाच दिवस आठवायचा, पलंगाच्या दोन कडांना दोघं आणि मध्ये जागाच जागा, आणि हातातलं भांडं खाली ठेवावं लागे. त्यालाही होत असेल. त्याबद्दल दोघं बोलली नाहीत.

तो परत गेल्यावर चौथ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, दुकानात त्याचा फोन आला. त्याच्या मागे लोखंडावर हातोडे पडत होते.

"बरी आहेस?" त्याने विचारलं. तिला कळलं तो काय विचारतोय.

"काही नाही. सगळं ठीक."

"मग आवाज असा का?"

तिने मशीनचं चाक हाताने थोडं फिरवलं, उगीचच. मालकीणबाई काउंटरवर होत्या.

"अजून सहा आठवडे आणि तीन दिवस," ती म्हणाली.

"मी दोन दिवस आधी निघतो का बघतो."

"बघ," ती म्हणाली. तो फोन ठेवत नव्हता. तीही ठेवत नव्हती. मागचे हातोडे तिला बराच वेळ ऐकू येत राहिले.